बॉयलरच्या परीक्षेचा हंगाम

कापसाच्या गाड्या नांदुऱ्याच्या रस्त्याला लागल्या की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना तो लक्ष्मीचा हंगाम वाटतो, मला त्याची शिसारी येते. बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, तरी वरचा कापूस बाभळीच्या काट्यांना तसाच अडकतो, वाऱ्याने गटारात उतरतो आणि भिजून मेलेल्या उंदराच्या पिल्लासारखा दिसतो. माझ्या मोटारी-पाइपच्या दुकानासमोर कोणीतरी थांबतं आणि म्हणतं, "काय शालिकभाऊ, औंदा माल झकास हाय ना?"

"पाइप पाह्यजे का? नाई ना? मंग चाल पुढं."

शालिग्राम तापट आहे, असं गावात म्हणतात. आहेच. भाव करताना मी समोरच्याला घाम फोडतो, हेही खरं आहे. पण कापूस आला की माझ्या नाकात जो वास शिरतो तो त्यांच्या नाकात शिरला असता, तर तेही थुंकले असते. गरम वंगण, ओली राख आणि सडकी सरकी यांचा तो वास आहे. त्यात रुईचा बारीक भुगा मिसळायचा. तो नाकात बसला की दिवसभर शिंकरलं तरी काळंच यायचं. त्या वासात बसून मी बॉयलरच्या परीक्षेचा अभ्यास केला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी वडनेर भोलजीचा, आमची घरची थोडी बागायत, मायचे भाजीचे वाफे. मी नांदुऱ्याच्या एका प्रेसमध्ये फायरमन होतो. प्रेस म्हणजे जिथे रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात तो कारखाना. गठाण दाबायला वाफ लागायची, वाफेला बॉयलर लागायचा आणि बॉयलरला मी. कोळसा महाग, म्हणून शेठ आम्हाला पऱ्हाट्या जाळायला द्यायचा. कापसाच्या झाडाचं वाळलेलं खोड म्हणजे पऱ्हाटी. ती भसकन पेटते आणि तितक्याच झटकन विझते. कोळसा जाळणारा माणूस मध्येच बिडी ओढू शकतो. पऱ्हाटी जाळणाऱ्याला मान वर करता येत नाही. हाताला तिचे बोचकारे, डोळ्यांत धूर, पाठीला प्रेसमधला गारठा आणि तोंडावर भट्टीची धग. निम्मा माणूस भाजलेला, निम्मा कुडकुडलेला.

आणि मान वर केलीच, तर समोर भिंतीवर सुपडाजी मिस्त्री.

स्वतः मिस्त्री नव्हे. त्याचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट असलेला माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही, असा कायदा. आमच्याकडे कायदा काचेच्या चौकटीत बसवून खिळ्याला टांगलेला होता. त्यावर सुपडाजीचं नाव, सरकारी शिक्का आणि माशांची घाण. सुपडाजी गावात आटाचक्की चालवायचा. तपासणीचा साहेब येणार अशी कुणकुण लागली की त्याला बोलावणं जायचं. मग तो पीठ झटकून, खाकी सदरा चढवून यायचा, माझ्या हातातला फडका ओढून घ्यायचा आणि साहेबासमोर पितळी नळ पुसायचा. साहेब गेला की फडका माझ्या अंगावर फेकून परत चक्कीवर. भिंतीवरच्या चौकटीला मात्र सुट्टी नव्हती. माझ्या घामाकडे ती हंगामभर बघत असायची.

एखाद्या माणसाचा राग येणं वेगळं. नावाचा राग येणं फार वाईट. नावाला शिवी देता येत नाही. सकाळी प्रेसचा भोंगा झाला की मी भट्टीचं दार उघडायचो आणि पहिल्यांदा ते नाव वाचायचो. त्या जागी माझं नाव लागलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागितलं असतं तर आज एवढी किळस वाटली नसती.

परीक्षा तोंडी असते आणि साहेब नागपूरला घेतात, एवढी माहिती होती. पुस्तक इंग्रजीत. मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे शिकवणारा एकच, सुपडाजी. मी त्याच्या चक्कीवर गेलो. तो पिठाने भुरा झाला होता, फक्त तोंडातलं पान लाल.

"मिस्त्री, मले बॉयलर शिकवता का?"

"काऊन बे? तुले मिस्त्री व्हायचं हाय?"

"हाव."

"मंग भट्टीत पऱ्हाट्या कोन घालीन, तुहा बाप?"

गरज माझी होती, आणि ती समोरच्याला दिसली की सौदा बुडतो, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून म्हटलं, "नाई शिकवलं तर नका शिकवू. अकोल्यात एक मिस्त्री हाय, तो तयार हाय." अकोल्यात माझं कोणीही नव्हतं.

सुपडाजीने पान दुसऱ्या गालात सरकवलं. "तुह्या मायचे वांगे लय चांगले असतात म्हनते."

तिथून सौदा सुरू झाला. दर बाजाराच्या दिवशी मी भाजी न्यायची आणि त्याने बॉयलरचा एक भाग सांगायचा. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेला मेथी, सेफ्टी व्हॉल्व्हला वांगी. वांग्यांची टोपली बघून तो म्हणायचा, "एवढ्यात अर्धाच व्हॉल्व्ह येते."

"अर्ध्या व्हॉल्व्हनं बॉयलर फुटते, मिस्त्री."

"फुटू दे. तू अंदर असशीन, मी नाई."

प्रॅक्टिकलसाठी त्याने त्याच्या परसातला आंघोळीचा बंब लावला. बंब हाच धाकटा बॉयलर, मधल्या नळीत आग, भोवती पाणी, असं म्हणून मला सकाळी बोलवायचा. विहिरीचं पाणी शेंदून बंब भरायचा, शेणी पेटवायच्या, राख काढायची. "आता सांग, आग कुठी हाय? पानी कुठी हाय?" हे विचारत तो पंच्यावर बसून अंगाला तेल लावायचा. मी उत्तर देईपर्यंत पाणी उकळलेलं असायचं. मग तो माझ्या प्रॅक्टिकलने आंघोळ करायचा. त्याची पाठ, त्यावरचा तेलाचा ओघळ आणि मोरीतून वाहणारं पिठाचं पांढुरकं पाणी मला अजून दिसतं. बॉयलर या शब्दाबरोबर दिसतं. यंत्राचं ज्ञान म्हणून जे काही माझ्याकडे आलं ते या मोरीतून आलं.

घरी माय चिडली होती. वाफ्यात उभी राहून म्हणाली, "शालिक, तुह्या मिस्त्रीनं माहा मळा चरून टाकला. बैल घुसला असता तर काठीनं हाकलला असता. याले कसं हाकलू?"

"माय, सर्टिफिकेट भेटू दे."

"ते काय शिजवून खाता येते?"

माय कधी प्रेसमध्ये आली नव्हती. भिंतीवर काय टांगलं आहे ते तिला माहीत नव्हतं. मला सांगता आलं नाही. काही अपमान असे असतात की ते समजावून सांगायला गेलं की दुसऱ्यांदा होतात.

सुपडाजी जे शिकवायचा ते त्याला त्याच्या उस्तादाने हिंदीत शिकवलेलं होतं, सवाल-जवाबाच्या रूपात. एक शब्द मागेपुढे झाला की त्याला पुढचं आठवत नसे, मग तो पहिल्यापासून सुरू करायचा. काच में पानी न दिखे तो? आग मारो, पानी मत मारो. बॉयलर के चार दुश्मन कौन? मैल, जंग, कम पानी, बेध्यान. बेध्यान हा शब्द तो बोट वर करून म्हणायचा. त्याचा बॉयलर त्या क्षणी कुठे होता आणि त्याचं ध्यान कुठे होतं, याचा विचारसुद्धा त्याच्या मनाला शिवत नसे. मी भट्टीपुढे हेच सवाल-जवाब घोकायचो. पऱ्हाटी टाकली की सवाल, राख ओढली की जवाब. प्रेसवरचे हमाल गठाण ढकलता ढकलता हसायचे. "शालिक, मंत्र चुकला तर बॉयलर शाप देईन बरं का!"

हल्ली दुकानाच्या शेजारच्या खोलीत दोन पोरं राहतात, वायरमनच्या परवान्याचा अभ्यास करतात. तीही असंच मोठ्याने घोकतात. भिंतीतून ती पुटपुट आली की मी रेडिओ मोठा करतो. त्यांचा काही दोष नाही. पण एका कागदासाठी माणसाचं तोंड असं चालायला लागलं की मला ते ऐकवत नाही. ज्याला काम येतं त्याला काम येतं. ते येतं हे दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्यासाठी किती मोऱ्या धुवाव्या लागतात, हे त्या पोरांना अजून कळायचं आहे.

उन्हाळ्यात प्रेस थंड झाल्यावर परीक्षा आली. मी पॅसेंजरने नागपूरला गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात विदर्भातल्या सरकी काढणाऱ्या सगळ्या जिनांचे आणि गिरण्यांचे फायरमन उकिडवे बसलेले. सगळ्यांनी डोक्याला तेल चोपडलेलं, सगळ्यांचे ओठ हलत होते. फिनेलचा वास आणि त्याखाली आमच्या कपड्यांतून न जाणारा धुराचा वास. आत टेबलाशेजारी मधोमध कापलेला एक बॉयलर ठेवला होता, आगीची बाजू लाल रंगवलेली, पाण्याची निळी. इतका स्वच्छ बॉयलर मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. यवतमाळकडचा एक जण आत जाताना त्याच्या पाया पडला.

साहेब पुण्याकडचे होते. गोरे, शांत, बोलणं धुतल्यासारखं.

"काचेत पाणी दिसत नाहीये. काय कराल?"

सवाल-जवाब माझ्या डोक्यातून पार निघून गेला. समोर काच दिसली, आमच्या प्रेसमधली. मी म्हणालो, "आधी नळ खोलून पायतो साहेब, काच खोटं बोलून राह्यली का खरं."

ते हसले. शेजारच्या कारकुनालाही हसू आलं. "काच खोटं बोलून राह्यली? बरं. मग?"

"मंग धुराड्याचा डँपर बंद. आगीवर वल्ली राख. पानी नाई सोडायचं, लोखंड तापलेलं असते."

साहेबांनी मान हलवली. अजून दोन-चार गोष्टी विचारल्या, त्याही आल्या. झालं, असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि सहज विचारलं, "तुमच्याकडे मिस्त्री कोण? हजर असतात ना बॉयलरवर?"

पुढे मी जे बोललो त्यावर किती वर्षं थुंकलो असेन! खरं सांगितलं असतं, तर मिस्त्रीशिवाय बॉयलर चालवल्याचा गुन्हा माझ्याच कबुलीने निघाला असता, माझी सगळी नोकरी बेकायदा ठरली असती आणि मी नापास झालो असतो. साहेबांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. सगळ्या वऱ्हाडात हेच चालायचं. त्यांना फक्त ते खोटं माझ्या तोंडून हवं होतं.

"सुपडाजी मिस्त्री, साहेब. हंगामात तिथंच असतात. त्यायनंच शिकवलं मले सारं. लय ध्यान देनारा मानूस."

"उत्तम," साहेब म्हणाले.

मी पास झालो. सुपडाजीला ध्यान देणारा माणूस म्हणून पास झालो. परतीच्या गाडीत वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलो होतो. लोकांना वाटलं, गाडी लागली.

सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा शेठने पाठ थोपटली. "शाब्बास शालिक! इकडं दे, चौकट करून घेतो. या हंगामाले भिंतीवर तुहं नाव." मी दिलं. शर्टाला हात पुसून दिलं. पुढे दिवाळी झाली, शेतांत वेचे सुरू झाले, गाड्या यायला लागल्या. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी भट्टीचं दार उघडलं, मान वर केली, आणि समोर सुपडाजी मिस्त्री. चौकट पुसलेली होती, एवढाच फरक.

मी तसाच काळ्या हातांनी शेठच्या गादीपुढे जाऊन उभा राहिलो.

"अरे, देऊळगाव राजाले आपन एक जिन घेतली ना," शेठ म्हणाला, "तिथं सर्टिफिकेटवाचून काम अडून राह्यलं व्हतं. तुहं तिथं लावलं."

"अन् मी?"

"तू इथंच. तुह्यासारखा फायरमन मले कुठं भेटते?"

"मंग मिस्त्रीचं तिकडं लावा, माहं इथं लावा."

"साहेबलोकायले इथं त्याच्या नावाची सवय हाय. तू कायले डोकं तापवतं? नाव कुठी बी लागलं तरी तुहंच हाय ना?"

मी भाव करणारा माणूस आहे. समोरचा काय विकतो आहे आणि मी काय विकतो आहे, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. शेठला माझं नाव एकीकडे हवं होतं आणि हात दुसरीकडे. असं मधून फाडून तर कोणी बैलसुद्धा विकत नाही. फडका गादीवर ठेवला, पांढऱ्या खोळीवर, मुद्दाम. आणि बस पकडली.

बुलढाण्याला बस बदलली, चिखलीवरून देऊळगाव राजाला उतरलो. घाट चढला की बोली बदलते, आमचा 'मले-तुले'तला 'ले' मागे राहतो. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी होती. मी उलट्या बाजूला, धुराडं दिसत होतं तिकडे गेलो. जिनच्या फाटकाशी कोणी अडवलं नाही. बॉयलरच्या खोलीत माझ्याच वयाचा एक फायरमन भट्टीत पऱ्हाट्या ढकलत होता. भुवया जळून विरळ झालेल्या. आणि भिंतीवर, नव्या चौकटीत, मी. हंगामाची पूजा झालेली दिसत होती. माझ्या नावाला हळदकुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचा हार.

एवढी घाण मला सुपडाजीच्या मोरीतही आली नव्हती.

त्या माणसाचं नाव मारोती. त्याला वाटलं, मी जुनं लोखंड बघायला आलेलं गिऱ्हाईक आहे. त्याने मला पाणी दिलं. मी चौकटीकडे बोट केलं. "हे कोन?"

"कोन शालिग्राम म्हनून हाय नांदुऱ्याकडचा." त्याने भट्टीत थुंकून घेतलं. "शेठ म्हनत्यात लई हुशार हाय. हुशारच असनार. हितं आम्ही भाजायचं आन् हार त्याला. अजून तोंड नाय दाखवलं भाड्यानं."

मी पाणी पीत राहिलो.

"तुम्ही तिकडचेच दिसता बोलन्यावरून," मारोती म्हणाला. "वळख हाय का त्याची? मला बी परीक्षा द्यायची हाय. त्याच्याकडं जावं म्हनतो शिकायला. काय न्यावं लागंल त्याला? काय घेतो तो?"

रागाने की लाजेने, ते मी आजही ठरवू देत नाही कोणाला, पण मी स्टूल ओढलं, वर चढलो, हार तोडला आणि चौकट खिळ्यावरून काढली.

"ओ! ओ पाव्हनं! काय करता?"

"मीच तो. माहं नाव हाय, मी घेऊन चाललो. सर्टिफिकेट नाई तर आग नाई. काढ बाहेर जाळ."

मारोती चौकटीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. पाणी बरोबर होतं, दाब बरोबर होता, जिन व्यवस्थित चालली होती. ती त्याने चालवली होती. "आन् मी काय करू?" तो म्हणाला. "जिन बंद पडली तर सगळ्यात आधी घरी कोन जातंय? शेठ का तुम्ही?"

"तू नांदुऱ्याले ये. मी शिकवतो तुले. काई आनू नको."

लोखंडी दांडा घेऊन त्याने जाळ ओढायला सुरुवात केली. ते एकट्याचं काम नव्हतं, म्हणून चौकट भिंतीला टेकवून मीही दुसरा दांडा घेतला. दोघांनी मिळून भट्टी रिकामी केली, डँपर लावला, दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. काटा हळूहळू खाली येत होता. बाहेर यंत्रांचे पट्टे थांबले आणि माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. सर्टिफिकेट मिळाल्यावर मी बॉयलरवर केलेलं हे एकच काम. पुढे शेठने कुठल्याच जिनमध्ये मला उभं राहू दिलं नाही, मी पाइपच्या धंद्यात शिरलो. मारोती नांदुऱ्याला आला नाही. मी वाट पाहिली होती.

त्या दिवशी वाफ पूर्ण उतरल्यावर मी चौकट काखेत मारली. मारोती तोंड पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "इतके दिवस आला नव्हता तुम्ही, तेच बरं होतं."